कोऱ्या बरणीचा श्वास

१

अकरा फेब्रुवारीला सकाळी सव्वानऊ वाजता मी नमुन्यांच्या कपाटाचं कुलूप काढलं. तिसऱ्या कप्प्यात काहीच नव्हतं.

पुठ्ठ्याचा डबा जागेवर होता. त्यावर एमेटच्या अक्षरातली चिठ्ठीही होती. पण आतली तळहाताएवढी पांढरी पाटी आणि तिच्यातूनच कापलेली नाण्याएवढी चकती, दोन्ही गायब. मला धक्का बसायला हवा होता. बसला नाही. बाहेर उणे एकवीस होतं, गाडीतून दारापर्यंत येताना बोटं बधिर झाली होती आणि आतही तसंच काहीसं वाटत होतं. पाच महिने तसंच चाललं होतं, माझी टिल्डा जन्मल्यापासून.

माझ्या मागे व्हर्ना केटलसन उभ्या होत्या. संशोधनात कुणी लबाडी केली का, हे तपासणं ही विद्यापीठातली त्यांची नोकरी. त्या त्याच पाटीला मोहोर लावून न्यायला आल्या होत्या. साठीच्या, ठेंगण्या, गळ्यात चष्म्याची दोरी.

त्या रिकाम्या डब्याकडे बघून म्हणाल्या, "हे जरा वेगळंच आहे."

मिनेसोटात एखाद्या बाईने 'वेगळंच' म्हटलं की समजावं, तिला ते अजिबात आवडलेलं नाही.

"चाव्या कुणाकुणाकडे?"

"तिघांकडे. प्रोफेसर गॉर्डन व्हिटलॉक, लॉर्ना डिट्झ आणि मी."

"आणि एमेट हॉगेनकडे?"

"होती. ती त्याच्या गाडीबरोबर नदीत गेली."

एमेट आमच्याकडे पीएचडी करत होता. एकोणीस जानेवारीला पुलावर, न दिसणाऱ्या बर्फावरून त्याची गाडी घसरली. त्याची वहीही त्याच गाडीत होती. तीन दिवसांनी बाहेर काढली तेव्हा लगदा झाला होता.

"पाटी शेवटची कुणी पाहिली?"

मी आठवायचा प्रयत्न केला. जानेवारीनंतर ते कपाट कुणी उघडल्याची नोंदच नव्हती.

"म्हणजे," व्हर्ना सावकाश म्हणाल्या, "मरण्याआधी त्यानेच ती नष्ट केली असेल, असं कुणीही म्हणू शकतं."

आणि दुपारपर्यंत गॉर्डन नेमकं तेच म्हणाले.

२

सगळा घोळ एका आकड्याचा होता.

आमच्या प्रयोगशाळेत मक्यापासून केलेलं प्लॅस्टिक असतं. खतात पुरलं की काही महिन्यांत मातीला मिळतं. दुर्गुण एकच, त्यातून उष्णता जात नाही. त्याचं दिव्याचं कवच केलं तर आत गरमी कोंडते आणि दिवा मरतो. म्हणून त्यात बोरॉन नायट्राइड नावाच्या सिरॅमिकची पूड कालवायची. पूड इतकी बारीक की सांडली तर पिठासारखी उडते. तिचे कण चपटे, पत्त्यांसारखे. गेली चार वर्षं काहीही केलं तरी उष्णता वाहण्याचा आकडा एकाच्या आतबाहेर घुटमळत होता. जानेवारीत एमेटच्या चकतीने चार पूर्णांक एक दिला.

गॉर्डननी तो आकडा दिवे बनवणाऱ्या कंपनीला कळवला आणि एका लेखातही छापला. कंपनीच्या माणसांनी तसंच प्लॅस्टिक करून पाहिलं. एक. पुन्हा केलं. पुन्हा एक. त्यांनी विद्यापीठाकडे तक्रार केली.

सोळा एप्रिलला समितीची बैठक ठरली. एमेटचा प्रबंध लिहून झाला होता आणि मे महिन्यात मरणोत्तर पदवी द्यायचं नक्की होतं. लबाडी सिद्ध झाली तर पदवी नाही, आणि छापलेल्या लेखाखाली कायमची ओळ येणार: हा आकडा दिवंगत लेखकाने बनावट रचला होता.

बैठकीच्या आधीच्या आठवड्यात व्हर्ना पुन्हा आल्या. नमुन्यांची माहिती द्यायला मला शेजारी बसवलं. गॉर्डन समोर बसले, स्वेटरची बाही ओढत.

"रविवारी त्याचा फोन आला होता मला, अपघाताच्या आदल्या दिवशी," ते म्हणाले. "खूप अस्वस्थ होता. म्हणाला, त्या चकतीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. मी म्हटलं, उद्या ये, समोरासमोर बोलू. उद्या आलाच नाही." त्यांचे डोळे खरंच ओले झाले. "पोरगा चांगला होता हो. दबावाखाली चांगली पोरंही चुकतात."

"काय सांगायचं होतं, ते बोलला नाही?"

"नाही. फोन दोन मिनिटांचा. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

नंतर लॉर्ना आली. बावीस वर्षं मोजणीचं यंत्र सांभाळते. जीभ सुरीसारखी.

"चकती माझ्या हातात आली ती काळी होऊनच," ती म्हणाली. "मोजण्याआधी दोन्ही तोंडांना काजळीचा फवारा मारतात, म्हणजे प्रकाश नीट शोषला जातो. एमेटने तो स्वतःच मारला होता. मी यंत्रात ठेवली, आकडा आला, कागदावर लिहिला. यंत्र खोटं बोलत नाही आणि मीही नाही."

"चकतीत काही विचित्र दिसलं?"

"काळी चकती काळी दिसते, व्हर्ना. तुमच्याकडे कधी गोरी काळी चकती आली असेल तर सांगा."

व्हर्नांनी कॉफीबरोबरच्या गोड वडीचा तुकडा तोडला आणि शांतपणे चघळला. "फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात खत-खोलीची किल्ली फक्त तुम्हीच घेतली होती म्हणे?"

लॉर्नाने माझ्याकडे पाहिलं. आमचा सहकारी टोउ जिथे बरण्यांत खत ठेवतो त्या खोलीची एकुलती किल्ली माझ्या ताब्यात असते, आणि मीच तसं लिहून दिलं होतं.

"टोउ सुट्टीवर होता. त्याच्या बरण्यांना पाणी घालायला घेतली. त्याचा आणि याचा काय संबंध?"

"संबंध असेलच असं नाही," व्हर्ना म्हणाल्या. "मी त्या आठवड्यात कुणी कुठलं दार उघडलं ते सगळंच विचारते."

३

शनिवारी मी जोलीनकडे गेले. एमेटची बायको. तिला मी सांगणार काय होते, कोण जाणे. टिल्डाला गाडीत पाठीमागच्या खुर्चीत बांधलं होतं. प्रत्येक लाल दिव्याला मी मागे वळून तिची छाती हलते का ते बघत होते. हे मी सारखं करते. माझा नवरा रॉय म्हणतो, पोरगी श्वास घेणं विसरणार नाही, तू नुसतं समोर बघ.

जोलीनच्या ओट्यावर रिकामी भांडी रचून ठेवली होती, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बटाटे-खिम्याचे थर भाजून पाठवलेली. परत करायची राहिली होती.

"तीन महिने झाले," ती म्हणाली. "आता भांडी परत मागायला कुणी येत नाही आणि मला पोचवायला जाववत नाही. बस. कॉफी पातळ आहे."

तिची तीन वर्षांची मुलगी जमिनीवर रेघोट्या मारत बसली होती.

"खरं सांग, मॅरिट. त्याने केलं असेल?"

"माहीत नाही."

"निदान खोटं तरी बोल गं माझ्यासाठी."

मला खोटं सुचलं नाही. मी विचारलं, "रविवारी त्याने गॉर्डनना फोन केला होता, तेव्हा तू घरात होतीस?"

"होते तर. मुलीला आंघोळ घालत होते. तिला पुसून, कपडे घालून, गोष्ट वाचून झाली तरी हा बोलतच होता. चाळीसेक मिनिटं."

"चाळीस?"

"जास्तच, कमी नाही. मग आत आला, पलंगावर आडवा पडला आणि म्हणाला, बरं झालं, सांगून टाकलं. त्या रात्री किती दिवसांनी गाढ झोपला."

मी कप खाली ठेवला. चाळीस मिनिटं. गॉर्डन दोन म्हणाले होते.

"हे व्हर्नांना सांगितलंस?"

"सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. पण 'सांगून टाकलं' म्हणजे गुन्हा कबूल केला, असंही होतंच ना?" ती मुलीकडे बघत राहिली. "मोठी झाली की ही त्याचं नाव कुठेतरी शोधेल. काय सापडेल तिला?"

४

सोमवारी टोउ वांग मला जिन्यात भेटला. चेहरा उतरलेला.

टोउकडे आमचं शेवटचं काम असतं. नवं प्लॅस्टिक मातीला खरंच मिळतं का, हे तो पाहतो. खत-खोलीत ऊबदार कपाटात एकवीस बरण्या. अठरांमध्ये खत आणि प्लॅस्टिक, तीनमध्ये नुसतं खत. त्या तिघींना आम्ही कोऱ्या बरण्या म्हणतो. जंतू प्लॅस्टिक खातात आणि श्वास सोडतात. तो श्वास नळीवाटे मोजला जातो. नुसतं खतही श्वास घेतंच, म्हणून कोऱ्या बरण्यांची सरासरी बाकीच्यांतून वजा करायची. जे उरेल ते प्लॅस्टिकचं.

"माझी बरणी खराब झाली," तो म्हणाला. "चौदा नंबर. कोरी आहे, पण मार्चच्या मध्यापासून असा श्वास घेतेय, जशी काही जिना चढून आलीय. सरासरी बिघडली. वजाबाकी केली की निम्म्या बरण्यांनी काहीच खाल्लं नाही असं दिसतं. दीड वर्ष गेलं गं माझं पाण्यात."

"खत वाईट असेल."

"एकाच पोत्यातलं आहे. आई म्हणते काकांचा आत्मा शिरला असेल." तो हसला, पण अर्धवट. काकांच्याच अंत्यविधीला तो फेब्रुवारीत गेला होता. त्यांच्या समाजात तो चार दिवस चालतो, केंग नावाचं बांबूचं वाद्य वाजत राहतं आणि घरच्यांनी तिथून हलायचं नसतं.

मी भिंतीवरच्या आलेखाकडे बघत राहिले. बारा आणि तेरा नंबरच्या रेषा झोपलेल्या. चौदाची वर वर चाललेली. जिथे काहीच नाही तिथे कुणीतरी काहीतरी खात होतं.

टिल्डाच्या पाळण्याशी बसून मी रोज श्वास मोजते. मिनिटाला तीस, चौतीस. एकदा साठ आले होते आणि मी तिला उचलून दवाखान्यात पळाले होते. श्वास उगाच वाढत नाही. आत काहीतरी असतं.

"टोउ," मी म्हटलं, "कोरी बरणी प्रयोग संपल्यावर कुणी उघडून चाळतं का?"

"कोऱ्यात काय चाळायचं? बाकीच्यांतले तुकडे दर महिन्याला गाळून मोजतो. कोऱ्या शेवटी बागेत ओततो."

म्हणजे या इमारतीत कुणीही कधीच आत न बघणारी जागा एकच होती. शिवाय अठ्ठावन्न अंशांची, ओलसर आणि भुकेली. पाटी बाहेर नेली तर कुणी विचारलं असतं, कचऱ्यात टाकली तर सापडली असती. मक्याचं प्लॅस्टिक नाहीसं करायचं असेल तर याहून चांगलं पोट नाही.

"पाण्याची नोंदवही आण," मी म्हटलं.

५

दर मंगळवारी प्रत्येक बरणीचं वजन करायचं, जेवढं पाणी उडालं तेवढं परत घालायचं आणि लिहायचं. तीन फेब्रुवारीला टोउच्या अक्षरात चौदा नंबरपुढे: वीस. दहा फेब्रुवारीला लॉर्नाच्या अक्षरात इतर सगळ्यांपुढे अठरा, वीस, बावीस. चौदापुढे शून्य.

बरणी तहानलेली नव्हती. तिचं वजन आधीच वाढलेलं होतं.

टोउ पांढराफटक पडला. "तीन ते दहाच्या मधे कुणीतरी काहीतरी आत घातलं. आणि किल्ली..."

"लॉर्नाने घेतली होती."

तिला मी यंत्राशीच गाठलं. वही तिच्यासमोर उघडली. तिने चष्मा कपाळावर सरकवला.

"मग?"

"शून्य का लिहिलंस?"

"कारण शून्य घातलं. वजन जास्त होतं, पाणी कशाला ओतू? टोउने आधीच्या वेळी जास्त ओतलं असेल असं वाटलं. हे बघ, पुढे प्रश्नचिन्ह केलंय." खरंच होतं, बारीक, पेन्सिलीचं. "तो आल्यावर विचारायचं होतं. मग तुमचं कपाट रिकामं निघालं आणि राहून गेलं."

मी वही मिटून काखेत घेतली.

"हं," ती म्हणाली. "म्हणजे मी चोर. छान. बावीस वर्षांनी बढती मिळाली."

मी जिन्यापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. बरणीत वजन लपवणारा माणूस काय लिहील? वरती वीस, खालती वीस, मधे तोही वीस लिहील. पाणी न घालताही लिहील. शून्य लिहून, वर प्रश्नचिन्ह करून, जगाला बोट दाखवील कशाला?

ते शून्य लॉर्नाला सोडवत होतं. पण मग खत-खोली उघडली कुणी? टोउ तिकडे शहरात काकांच्या अंत्यविधीला होता, पन्नास नातेवाईक साक्षीला. आणि तो घालील तरी का, स्वतःच्याच वजाबाकीत विष? लॉर्नाच्या आधी किल्ली माझ्याकडे होती. फक्त माझ्याकडे.

६

मंगळवारी सकाळी व्हर्नांसमोर टोउने चौदा नंबरचं झाकण काढलं. भिजल्या पालापाचोळ्याचा वास आला. त्याने खत पसरट ताटात उपडं केलं आणि चमच्याने सारत गेला.

"आहे," तो म्हणाला. "अरे देवा. आहे."

पाटीचे चुऱ्यासारखे तुकडे झाले होते, खडूसारखे, बोट लावलं की पांढरी पूड. पण चकती पूर्ण मोडली नव्हती. कशाने तरी तिला धरून ठेवलं होतं. टोउने ती पाण्याने हलकेच धुतली. काजळी निघून गेली. खाली समांतर बारीक भिंती उभ्या होत्या, कंगव्याच्या दातांसारख्या. त्यांच्या मधलं प्लॅस्टिक खाल्लं गेलं होतं. भिंती तशाच.

"गोंद," लॉर्ना दारातून म्हणाली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. "दोन नळ्यांतला पक्का गोंद. जंतू त्याला तोंड लावत नाहीत."

"म्हणजे काय झालं?" व्हर्नांनी विचारलं.

मला कळलं होतं. "पाटी दाबून केली की आतले चपटे कण आडवे निजतात, पत्त्यांच्या कॅटासारखे. उष्णता पत्त्याच्या लांबीतून धावते, जाडीतून अडते. एमेटने पाटीच्या पट्ट्या कापल्या, त्या उभ्या केल्या, एकमेकींना चिकटवल्या आणि त्यातून चकती कातली. उष्णता सोप्या दिशेने मोजली गेली. म्हणून चार पूर्णांक एक. दिव्याच्या कवचात ती अवघड दिशेने जायला लागते. तिथे एकच."

"आणि वरून काजळी मारली," व्हर्ना म्हणाल्या, "म्हणजे सांधे दिसणार नाहीत."

टोउ खताकडे बघत होता. मला जोलीनची मुलगी दिसली, जमिनीवर रेघा मारणारी. मी ती बरणी उघडायलाच नको होती.

मग लॉर्नाने खिडकीतला पडदा वर ओढला.

"उजेडात धरा," ती म्हणाली. "डोळे आहेत ना तुम्हाला?"

भिंती लाल होत्या. डागाने नव्हे, मुळातूनच, डाळिंबाच्या दाण्यासारख्या.

"तो गोंद पाण्यासारखा पारदर्शक येतो," लॉर्ना म्हणाली. "माझ्याच कपाटातला आहे. लाल करायचा तर मुद्दाम रंग घालून घोटावा लागतो. काजळी फक्त दोन तोंडांना असते. कड उघडी राहते. कुणीही चकती आडवी धरली असती तर कडेला लाल रेघा दिसल्या असत्या. मी नाही धरली. चिमट्याने उचलली आणि ठेवली." तिचा आवाज पहिल्यांदा खाली गेला. "यंत्र खोटं बोललं नाही. मी नुसतं बघितलं नाही."

"दोन्ही दिशांनी मोजणं हा त्याच्या प्रबंधाचाच भाग होता," टोउ म्हणाला. "उभ्या पट्ट्या चिकटवूनच मोजतात ते. ही काही लबाडी नाही, रीत आहे. फक्त कुठली दिशा ते लिहायचं असतं."

ज्याला सांधा लपवायचा असतो तो त्यात लाल रंग घोटत बसत नाही.

"त्याच्या वहीत दिशा लिहिलेली असणार," व्हर्ना म्हणाल्या. "आणि रविवारी त्याने ती फोनवर सांगितलीही असणार. आकडा चुकीच्या अर्थाने पुढे गेलाय हे कळल्यावर चाळीस मिनिटं तो तेच समजावत होता. पण हा माझा तर्क झाला." त्या माझ्याकडे वळल्या. "मॅरिट, फेब्रुवारीत तू लिहून दिलंयस की लॉर्नाशिवाय कुणीच किल्ली मागितली नाही. खात्री आहे?"

"हो," मी म्हणाले. आणि म्हणतानाच कळलं की मला खात्री नाही. त्या आठवड्यातलं मला काहीच आठवत नव्हतं.

७

दहा फेब्रुवारी माझ्या आठवणीत कोरा आहे. दिवसच्या दिवस तसे गेले. पण एक वही मी कधी चुकवली नाही. टिल्डाची. किती वाजता प्यायली, किती वेळ झोपली, आणि कामावर दूध काढते तेव्हा किती निघालं. मोजलं नाही तर काहीतरी होईल, असं वाटत राहतं.

बुधवारी दुपारी आडोशाच्या खोलीत, जिथे मी यंत्राने दूध काढते, तिथेच बसून मी मागची पानं उलटली.

दहा फेब्रुवारी. सकाळी ११.४०. उजवीकडून दोन औंस, डावीकडून एकच. पुढे माझंच वाकडं अक्षर: मधेच उठावं लागलं, गॉ. ना किल्ली, दूध सांडलं.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग थोडं थोडं वर आलं. दारावर टकटक. पलीकडून त्यांचा आवाज: "मॅरिट, गैरसोय होतेय ना? सावकाश. पाहुण्यांना खत-खोली दाखवायची होती, एवढंच." मी अंगावर शाल ओढली, दार बोटभर उघडलं, किल्ली बाहेर धरली. बाटली कलंडली. मी तिथे खाली बसून सांडलेल्या दुधासाठी रडले होते. किल्ली परत कधी आली ते ठाऊक नाही. रजिस्टर लिहायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी व्हर्नांनी विचारलं तेव्हा मी रजिस्टर बघून उत्तर दिलं होतं.

माझ्या त्या एका उत्तरावर दोन महिने एमेट लबाड ठरत होता.

वाटलं, वही पिशवीत परत ठेवावी. जबाब खोटा दिला म्हणून नोकरी गेली, तर टिल्डाचा दवाखान्याचा विमाही जाईल. तीन मिनिटं मी तशीच बसले. यंत्र चालूच होतं, रिकामं.

मग व्हर्नांना फोन केला.

८

समितीची बैठक लांबट खोलीत झाली. पाच माणसं, पाण्याचे ग्लास. मी वही वाचून दाखवली. औंसांसकट. एका म्हाताऱ्या सदस्याने खाली बघितलं.

गॉर्डन शांत होते. "त्या दिवशी पाहुणे होते माझ्याकडे."

"नव्हते," व्हर्ना म्हणाल्या. "तुमच्या दिनदर्शिकेत त्या दिवशी एकच नोंद आहे. सकाळी दहाला कंपनीचा फोन. त्यांचा आकडा एक आला आणि तक्रार माझ्याकडे येतेय, हे तुम्हाला तेव्हा कळलं. पावणेबाराला तुम्ही किल्ली घेतली. पाटी दहा तारखेला दुपारी तीनच्या आधी बरणीत गेली, कारण तीनला लॉर्नाने बरणी तोलली तेव्हा वजन वाढलेलं होतं आणि तिने शून्य लिहिलं. तेव्हा एमेटला जाऊन बावीस दिवस झाले होते. तो तर घालायला आला नव्हता."

"कोऱ्या बरण्या कुठल्या, ते मला कसं..."

"यादी कपाटाच्या दारावर चिकटवलेली आहे," टोउ म्हणाला. "तुम्हाला वाटलं कोरी म्हणजे तिथे काही मोजतच नाहीत. तीच तर आधी मोजतात, सर. तिच्यावरून बाकीच्या सगळ्या."

गॉर्डन त्याच्याकडे बघत राहिले. शिकवलेला धडा विद्यार्थ्याने परत म्हणून दाखवावा तसे.

"वीस वर्षं झाली बरण्यांचं काम करून," ते म्हणाले. "पोरगा म्हणाला, उद्या दुरुस्तीचं पत्र पाठवू. मी म्हटलं पाठवू. मग तो गेला. मग वाटलं, कंपनी काय, वर्षभर मोजणारच नाही. आणि मोजलंच तर..." ते थांबले. "त्याला आता काय त्रास होणार होता?"

"त्याला नाही," लॉर्ना म्हणाली.

निर्णय त्याच दिवशी झाला. आकडा खरा, दिशा सांगायची राहिली, ती सांगूनही दाबली गेली. एमेट हॉगेन निर्दोष. गॉर्डनना सुट्टीवर पाठवलं. माझ्याकडच्या चाव्या काढून घेतल्या, नोकरी सध्या राहिली. टोउला नव्याने बरण्या भरायच्या आहेत, दीड वर्षाच्या.

छापायची दुरुस्ती लिहायचं काम व्हर्नांनी मला दिलं. शुक्रवारी मी तो कागद घेऊन जोलीनकडे गेले आणि आधी किल्लीचं सगळं सांगितलं. दारातच, उभ्यानेच.

"दोन महिने तुला आठवलं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"मला वाटायचं, मीच विसरतेय सगळं." मला माफ केलं असं ती म्हणाली नाही. आत ये, एवढंच म्हणाली.

कागदावर तीन ओळी होत्या. तिने उभ्याने वाचल्या, मग बसून वाचल्या. 'हा आकडा पाटीच्या लांबीच्या दिशेने आहे. तो दिवंगत एमेट हॉगेन यांनी अचूक मोजला होता. दिशेचा उल्लेख त्यांच्या सांगण्यानंतरही वगळला गेला.'

"पेन आहे?"

मी दिलं. तिने एका शब्दाखाली रेघ मारली.

"हे काढ. 'दिवंगत'."

"छापताना तशी पद्धत असते गं."

"ज्या दिवशी त्याने मोजलं त्या दिवशी तो जिवंत होता," जोलीन म्हणाली.

मी तो शब्द खोडला.